पैसे ठेवले आणि खेळायला गेल्या



गोल्फ तुम्ही टीव्हीवर पाहिला असेल. काठीनं चेंडू टोलवायचा आणि दूरच्या एवढ्याशा होलमध्ये घालायचा. मोठ्या मैदानावर असे १८ होल असतात. दोघींचा सामना असेल, तर जी जास्त होल जिंकेल ती विजयी!

अमेरिकेत एके काळी हा गोऱ्या लोकांचाच खेळ मानला जाई. तिथं पाय रोवणाऱ्या अॅन ग्रेगरी यांची आज ओळख करून घेऊ.

त्यांचा जन्म १९१२ साली मिसिसिपी राज्यात, कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. आईवडील लहानपणीच गेले. गोऱ्या लोकांच्या घरी काम करत त्या वाढल्या. लग्नानंतर गॅरी या पोलाद कारखान्यांच्या शहरात आल्या. दुसऱ्या महायुद्धात पती नौदलात गेले, तेव्हा त्या गोल्फ शिकल्या. बक्षिसाच्या पैशासाठी नाही हं, निव्वळ हौस म्हणून!

सप्टेंबर १९५६. हौशी महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्या उतरल्या. असा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. पहिलाच सामना कॅरोलिन कुडोन यांच्याशी. ग्रेगरी हरल्या, पण झुंज देऊन.

१९५९ साली याच स्पर्धेत सगळ्या खेळाडूंना जेवणाचं बोलावणं होतं. ग्रेगरींना मात्र क्लबनं आत येऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या खेळायला हजर!

त्यांच्या स्वतःच्या गावातही तीच तऱ्हा. सार्वजनिक बागेत दोन मैदानं. १८ होलचं गोऱ्यांना, ९ होलचं कृष्णवर्णीयांना. १९६०च्या सुमारास एक दिवस ग्रेगरींनी मोठ्या मैदानाचे पैसे काउंटरवर ठेवले. म्हणाल्या, माझ्या कराच्या पैशातूनही हे मैदान राखलं जातं. हवं तर पोलिसांना बोलवा. आणि सरळ खेळायला गेल्या. त्यांना कुणीही अडवलं नाही!

१९७१ साली ज्येष्ठ महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्या दुसऱ्या आल्या. वय ५९. पहिल्या कोण? त्याच कॅरोलिन कुडोन! ग्रेगरी मागे राहिल्या, पण फक्त एका फटक्यानं. १९८९ साली ज्येष्ठांच्या राष्ट्रीय ऑलिम्पिकमध्ये, ७६ वर्षांच्या असताना, त्यांनी सुवर्णपदक पटकावलं. पुढच्याच वर्षी त्या गेल्या.

आता या आठवड्याचं काम. मधल्या सुट्टीत मैदानावर नजर टाका. कडेला उभं राहून नुसतं बघणारं कोण आहे? त्याला किंवा तिला एकदा विचारा, ‘खेळतोस का? खेळतेस का?’ काय उत्तर मिळालं ते घरी आईबाबांना सांगा.

तुमच्या बाई