काशीचा धनिक आणि मूर्तिकार

बालकथेवर चित्रपट निघाला, की तो मूळ कथेशी कितपत इमान राखतो, एवढेच समीक्षक तपासतात. सत्यजित राय यांनी आपल्याच ‘जय बाबा फेलुनाथ’ या किशोर-रहस्यकथेवर १९७९ साली बंगाली चित्रपट काढला; तेथे ही मोजपट्टी अपुरी पडते.

कथेचा निवेदक तोपशे. त्याच्या दृष्टीआड जे घडते, ते वाचकाला इतरांच्या तोंडूनच कळते. कॅमेऱ्याला हे बंधन नाही. वाराणसीच्या घोषाल घराण्यात दुर्गेची मूर्ती घडविणारे वृद्ध शशीबाबू लहानग्या रुकूला देवीची कथा सांगत आहेत, येथूनच चित्रपटाचा आरंभ होतो. पुढे अंधाऱ्या गल्लीत त्यांचा खून होतो, तेव्हा तो रहस्याचा केवळ एक दुवा राहत नाही. प्रेक्षकाच्या ओळखीचा एक श्रमजीवी कलावंत मारला गेलेला असतो.

मगनलाल मेघराजची धमकीही पडद्यावर प्रत्यक्ष घडते. गणेशमूर्तीवर डोळा ठेवणाऱ्या या धनिकाला घाटावरच्या बाबाचे ढोंग सोयीचे असते. ही भूमिका केली उत्पल दत्त यांनी. उभी हयात डाव्या रंगभूमीवर घालविलेल्या नटाने शोषकाला इतके गोडबोले करावे, यात विनोद आहे खरा. पण शोषक गोडच बोलतो, हे त्यांना ठाऊक होते.

तोपशेच्या निवेदनातील मिस्किलपणा मात्र चित्रपटात हरवतो. मगनलालच्या हुकुमावरून लालमोहनबाबूंभोवती सुरे फेकले जातात तेथे पुस्तक भीती सांगते. पडदा त्या सुरे फेकणाऱ्या म्हाताऱ्या अर्जुनाचा चेहराही दाखवितो.