दोन रेषांचा माणूस

द्वारका चौकात रिक्षा अडकली होती. तेवढ्यात भाचीनं मोबाईलवर मला एक चिनी अक्षर शिकवलं: ‘रेन’, म्हणजे माणूस. दोनच रेषा. आधी डावीकडे उतरणारी, मग उजवीकडची. मी उलटं काढलं. “मामू, क्रम चुकला!”

मूळात हे बाजूनं दिसणाऱ्या उभ्या माणसाचं चित्र. क्रम पाळला की हात वळतो, तोल राहतो. लहानपणी अलिफ गिरवताना उस्तादही हेच सांगायचे. खत्तातीत तर अलिफची उंची कलमाच्या नुक्त्यांनी मोजतात.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले, तिथली भाषा शिकले, १९४२ मध्ये तिथेच वारले. मुलाचं नाव यिनहुआ: यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. दोन अक्षरांत दोन देश.

आपल्याकडे मात्र लिपीला धर्म चिकटवतात. उर्दू पाटी दिसली की काहींच्या कपाळाला आठ्या. आणि आपल्यातलेही कितीजण शुद्ध मराठी लिहायचा कंटाळा करतात! माझं म्हणणं एवढंच: दुसऱ्याच्या लिपीतलं एक तरी अक्षर गिरवून बघा. जे हातानं घडवलं, त्याचा द्वेष करणं जड जातं.