वीस सेंटची मजुरी आणि दोन पुस्तके



१९९८ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक दोन शास्त्रज्ञांना विभागून मिळाले. एक जॉन पोपल आणि दुसरे वॉल्टर कोन. यांपैकी कोन हे रसायनशास्त्राच्या वर्गात शेवटचे बसले ते वयाच्या सतराव्या वर्षी, शाळेत. पुढे विद्यापीठात गेले तेव्हा रसायनशास्त्राच्या इमारतीत पाऊल टाकायलाही त्यांना मनाई होती. ज्याला दारात उभे केले नाही, त्यालाच त्या शास्त्राने पुढे सर्वोच्च मान दिला. हे कसे घडले, ते आज आपल्या घरातील शिकत्या मुलामुलींसाठी सांगायचे आहे.

कोन यांचा जन्म ९ मार्च १९२३ रोजी ऑस्ट्रियातील व्हिएन्ना शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. वडिलांचा चित्रांची पोस्टकार्डे छापण्याचा धंदा होता. मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. धंदा हिरावला गेला आणि वॉल्टरला ज्यू म्हणून शाळेतून काढून टाकले. तो ज्यू मुलांच्या शाळेत जाऊ लागला. तिथे एमिल नोहेल भौतिकशास्त्र शिकवीत आणि व्हिक्टर साबाथ गणित. बाहेर रस्त्यावर ज्यूंचा छळ चालला होता आणि आत हे दोन गुरुजी जीव ओतून शिकवीत होते. आधी गणिताची फारशी गोडी नसलेल्या मुलाला ती लागली ती अशा दिवसांत.

ऑगस्ट १९३९ मध्ये, महायुद्ध सुरू व्हायला अवघे तीन आठवडे असताना, ज्यू मुलांना वाचवणाऱ्या गाडीतून वॉल्टर इंग्लंडला पोहोचला. आई-वडील मागे राहिले. नाझींनी पुढे त्या दोघांची हत्या केली.

इंग्लंडमध्ये तरी सुख लाभावे! पण मे १९४० मध्ये ब्रिटिश सरकारने जर्मन अंमलाखालून आलेल्या लोकांना 'शत्रुदेशाचे नागरिक' ठरवून पकडले. त्यात हा सतरा वर्षांचा मुलगाही होता. ज्यू म्हणून जर्मनांनी हाकलले आणि जर्मन म्हणून इंग्रजांनी कोंडले! माणूस कोण आहे हे न पाहता त्याच्यावर शिक्का मारला की असेच होते. शिक्क्याचे दुःख काय असते, ते आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

त्यांना बोटीने कॅनडाला नेऊन तारेच्या कुंपणातील छावण्यांत ठेवले. कैद्यांना जंगलात झाडे तोडण्याचे काम होते. मजुरी दिवसाला २० सेंट, म्हणजे पाच दिवस कुऱ्हाड चालवली की एक डॉलर. ते पैसे साठवून वॉल्टरने दोन पुस्तके मागवली : एक हार्डी यांचे गणिताचे आणि दुसरे स्लेटर यांचे रसायन-भौतिकीचे. ही पुस्तके त्यांनी म्हातारपणापर्यंत जपून ठेवली होती.

छावणीत त्यांच्यासारखेच पकडलेले प्राध्यापक होते. ते रिकामे बसले नाहीत, त्यांनी कैदेतच शाळा सुरू केली. रोथबर्गर नावाच्या गणितज्ञाने वॉल्टरला उच्च गणित शिकवले. मुलांनी तिथूनच विद्यापीठाच्या प्रवेशाची परीक्षा दिली.

जानेवारी १९४२ मध्ये सुटका झाली. टोरांटो विद्यापीठात प्रवेश हवा होता, पण तिथे रसायनशास्त्राच्या इमारतीत युद्धाचे संशोधन चालू होते. म्हणून 'शत्रुदेशाच्या' विद्यार्थ्याला आत बंदी. आणि रसायनशास्त्र हा तर सक्तीचा विषय! सगळे संपल्यातच जमा होते. तेव्हा गणित विभागाचे प्रमुख सॅम्युअल बीटी मध्ये पडले. त्यांनी या मुलांना खास विद्यार्थी म्हणून गणित आणि भौतिकशास्त्राला घेतले. कोन १९४५ मध्ये पदवीधर झाले आणि १९४८ मध्ये अमेरिकेच्या हार्वर्ड विद्यापीठातून पीएच.डी. झाले.

आता त्यांचे संशोधन काय, ते पाहू. कोणत्याही पदार्थाचे गुण त्यातील इलेक्ट्रॉन कसे वागतात यावर ठरतात. लोखंड कठीण का, मीठ पाण्यात का विरघळते, याचे उत्तर तिथे आहे. इलेक्ट्रॉनचा नियम १९२६ पासून माहीत होता, पण हिशेब आवाक्याबाहेरचा. पाण्याच्या एका रेणूत १० इलेक्ट्रॉन असतात. प्रत्येकाची जागा सांगायला तीन आकडे लागतात, म्हणजे एकूण ३०. प्रत्येक आकड्याच्या दहाच शक्यता धरल्या, तरी एकावर तीस शून्ये इतक्या नोंदींचा तक्ता भरावा लागेल. जगातला सगळा कागद पुरायचा नाही.

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखोंचा जनसागर लोटतो. पाण्याचे आणि भोजनाचे वाटप करणारे स्वयंसेवक प्रत्येक माणसाच्या हालचालीची नोंद ठेवत नाहीत. गर्दी कुठे दाट आहे आणि कुठे विरळ, एवढे पाहून ते काम आखतात. कोन यांनी इलेक्ट्रॉनच्या बाबतीत हाच प्रश्न विचारला : प्रत्येकाचा माग काढण्याऐवजी फक्त दाटी मोजली तर? माणसांच्या गर्दीवरून कोणाच्या मनातले कळत नाही, पण इलेक्ट्रॉन सगळे अगदी एकसारखे असतात. १९६४ मध्ये पॅरिसमध्ये कोन आणि पिएर होहेनबर्ग यांनी सिद्ध केले की पदार्थ सर्वांत कमी ऊर्जेच्या स्थितीत असताना त्यातील इलेक्ट्रॉनची दाटी कळली, की तत्त्वतः त्याचे सारे गुण कळतात. दाटीला तीनच आकडे लागतात. त्याच हिशेबाने तक्ता झाला अवघ्या १००० नोंदींचा!

१९६५ मध्ये लू ज्यू शाम यांच्याबरोबर कोन यांनी प्रत्यक्ष आकडेमोडीची रीत दिली. तिच्यातील एक पद मात्र आजही नेमके माहीत नाही, तिथे अंदाजाचे सूत्र घालावे लागते. त्यामुळे रसायनशास्त्रज्ञ या रीतीवर बरीच वर्षे विश्वास ठेवीत नव्हते. १९९० च्या सुमारास सुधारलेली सूत्रे आली, पोपल यांच्या संगणक कार्यक्रमात ही रीत घेतली गेली आणि तिचा प्रसार झाला. आज बॅटरी, औषधे, खते यांवर काम करणारे संशोधक आधी संगणकावर हा हिशेब करतात आणि मग प्रयोगशाळेत तो ताडून पाहतात. कोणी मोठ्याने सांगितले म्हणून मानू नका, तपासून घ्या, हे भगवान बुद्धांनी कालामांना सांगितलेच आहे. उतारवयात कोन यांनी सौरऊर्जेच्या प्रचारासाठी माहितीपट काढला. १९ एप्रिल २०१६ रोजी वयाच्या ९३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

प.पू. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेले आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी स्वतःच्या हिमतीवर संस्कृतचा अभ्यास केला. एवढेच करून ते थांबले नाहीत. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन करून १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज उघडले. आपल्यावर बंद झालेले दार इतरांसाठी उघडायचे, हा त्यांचा मार्ग.

कोन हुशार होतेच. पण नुसत्या हुशारीने ते तरले असे म्हणणे खोटे ठरेल. पाठीशी दोन गुरुजी होते, कैदेतली शाळा होती आणि नियमातून वाट काढणारा एक अधिकारी होता. आपल्या वस्तीत दहावी झालेल्या मुलीला "सायन्स आपल्याला झेपायचे नाही, फी कुठून भरायची?" असे आपणच सांगतो. फीची अडचण खरी आहे, ती मी नाकारीत नाही. पण 'झेपायचे नाही' हा शिक्का आहे आणि तो आपल्याच हाताने मारू नये.

रविवारी वंदना झाल्यावर विहार दिवसभर रिकामे असते. तिथे एक कपाट ठेवा. अकरावी-बारावीची जुनी पुस्तके गोळा करा. वस्तीतील निवृत्त शिक्षकाला आणि बी.एस्सी. झालेल्या पोराला दोन तास शिकवायची विनंती करा. तारेच्या कुंपणात शाळा चालू शकली, तर आपल्या विहारात का चालू नये? येत्या रविवारी वंदनेनंतर दहा मिनिटे थांबून हा विषय काढा.

जयभीम! नमो बुद्धाय!