तिसाव्या दिवसाआधी बाळाचे डोळे तपासा

सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेलं बाळ एनआयसीयूतून घरी आलं की सगळं घर सुटकेचा निःश्वास टाकतं. मग आजी बजावतात, "आता सव्वा महिना बाळाला घराबाहेर काढायचं नाही." त्यामागे काळजीच असते. पण अपुऱ्या दिवसांच्या बाळाची एक तपासणी या सव्वा महिन्याच्या आतच करावी लागते. ती चुकली तर बाळाची दृष्टी जाऊ शकते.

डोळ्याच्या आत मागच्या बाजूला पडदा असतो. त्याच्या रक्तवाहिन्या आईच्या पोटात अगदी शेवटच्या आठवड्यांपर्यंत वाढत असतात. बाळ लवकर जन्मलं की ही वाढ अर्धवट राहते. त्यात श्वासासाठी द्यावा लागलेला ऑक्सिजन, जंतुसंसर्ग यांची भर पडली, तर रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढतात आणि पडदा ओढला जाऊन सुटू शकतो. डॉक्टर याला आरओपी म्हणतात.

सुरुवातीला बाहेरून काहीच दिसत नाही. बाहुलीत पांढरं दिसू लागेपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

म्हणून हे लक्षात ठेवा:

• बाळ ३४ आठवड्यांआधी जन्मलं असेल किंवा जन्माचं वजन २ किलोपेक्षा कमी असेल, तर ३० दिवसांच्या आत तपासणी हवी.

• २८ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा १२०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाची तपासणी दोन ते तीन आठवड्यांतच हवी.

• दिवस जन्मतारखेपासून मोजा, घरी आल्यापासून नाही.

• बाळ थोडं मोठं असूनही फार आजारी होतं का? मग डॉक्टरांना स्वतःहून विचारा.

तपासणीत थेंब घालून बाहुली मोठी करतात आणि पडदा पाहतात. बाळ रडतं, पण काम काही मिनिटांचं असतं. मात्र एका भेटीत ते संपेलच असं नाही. रक्तवाहिन्यांची वाढ पूर्ण होईपर्यंत डॉक्टर पुन्हा बोलावतात. उपचार लागलेच तर लेझर किंवा इंजेक्शन असतं, आणि तेही दोन-तीन दिवसांत व्हावं लागतं.

आजच डिस्चार्ज कार्ड उघडा. त्यावर डोळ्यांच्या तपासणीची तारीख नसेल तर रुग्णालयात फोन करा. सव्वा महिना जरूर पाळा, फक्त या तपासणीला सूट द्या. बाळाला नीट गुंडाळा, गर्दी टाळा, पण तारीख टाळू नका.