यादीत निजायचं कुठं?

गेल्या वर्षी नाताळाच्या आधी आमच्या मंडळीच्या महिला संघाचा मेळावा होता. त्यात मला बोलायला सांगितलं. विषय पाळकसाहेबांनीच ठरवून दिला होता : 'ख्रिस्ती स्त्रीचे जीवन – समतोल, ध्येय आणि अग्रक्रम'. सोबत एक छापील पुस्तिकाही दिली. तीत बाईच्या आयुष्यातल्या गोष्टी क्रमानं लावून दिलेल्या होत्या. आधी देव, मग नवरा, मग मुलं, मग घर, मग मंडळी, मग शेजारपाजार. हा क्रम पाळला की समतोल आपोआप येतो, असं पुस्तिकेचं म्हणणं. 'स्वतः' असा सातवा आकडा कुठं नव्हता. छापताना राहून गेला असेल म्हणून मी पान उलटून पाहिलं. मागच्या बाजूला जाहिरात होती.

मी निवृत्त शिक्षिका. माहेर नगरचं, तीन पिढ्यांचं ख्रिस्ती घर. नवऱ्याच्या नोकरीमुळे तेरखेड्याला आले आणि इथलीच झाले. सोलापूर-धुळे रस्त्यावरचं, वाशी तालुक्यातलं हे गाव फटाक्यांसाठी ओळखलं जातं. दिवाळीत तुमच्या अंगणात वाजणाऱ्या तोट्यांमधल्या काही तरी आमच्या गावच्या बायांच्या हातच्या असतील. मी उपासनेला महिन्यातून एकदा एसटीनं सोलापूरला जाते. बाकीचे रविवार घरीच प्रार्थना करते.

मेळाव्याच्या तयारीला बसले होते तेव्हा शेजारीण आली. ती फटाक्याच्या कामावर जाते. नगावर मजुरी. जितकी तोटी भराल तितके पैसे. बोटांच्या पेरांत चांदीसारखी पूड कायमची बसलेली. ती काही ख्रिस्ती नाही, येरमाळ्याच्या येडेश्वरीची भक्त आहे. चैत्री पौर्णिमेची यात्रा चुकवत नाही. मला म्हणाली, "बाई, काय लिहिताय?" मी पुस्तिकेतली यादी तिला वाचून दाखवली. तिनं लक्ष देऊन ऐकली, बोटं मोडून मोजली आणि विचारलं, "सगळं झालं. पण ह्या यादीत निजायचं कुठं लिव्हलंय?"

माझं भाषण तिथंच थांबलं. तोवर मी चार पानं लिहिली होती. ती चुलीत घातली नाहीत, पण वाचलीही नाहीत.

हा विषय या अंकात कशाला, असं काही मैत्रिणींना वाटेल. चळवळीत आम्ही बाया धर्माचं नाव निघालं की दुसरीकडे बघतो आणि मंडळीतल्या बाया चळवळीचं नाव निघालं की. मी दोन्हीकडे उठबस करणारी. त्यामुळे दोन्हीकडे थोडी संशयितच. पण रविवारी सकाळी ज्या हजारो बाया डोक्यावर पदर घेऊन देवळात बसतात, त्यांना बाईनं कसं जगावं हे तिथूनच सांगितलं जातं. ते कोण सांगतं आणि काय सांगतं याकडे आपण पाठ फिरवून चालायचं नाही.

आमच्याकडे बायांच्या मेळाव्यात नीतिसूत्रांचा ३१ वा अध्याय हमखास वाचतात. सद्‌गुणी स्त्रीचं वर्णन आहे त्यात. ती रात्र सरायच्या आत उठते, घरच्यांना खाऊ घालते, सूत कातते, व्यापार करते. रात्री तिचा दिवा विझत नाही. वर्षानुवर्षं मी हे ऐकत आले आणि मान डोलावत आले. शेजारणीच्या प्रश्नानंतर तोच अध्याय पुन्हा काढला, तेव्हा कळलं की पहाटेच्या आधी उठणारी आणि रात्री दिवा न विझवणारी ही बाई झोपते कधी, हे कुणी सांगितलेलं नाही. तिचा नवरा मात्र वेशीत वडीलधाऱ्यांबरोबर बसलेला आहे. आमच्या चावडीवर बसतात तसाच.

पण त्याच अध्यायात आणखी दोन गोष्टी आहेत, त्या मेळाव्यात कुणी मोठ्यानं वाचत नाही. ही बाई स्वतः शेत पाहते आणि विकत घेते. आपल्या कमाईतून मळा लावते. म्हणजे व्यवहार तिचा, पैसा तिचा. आणि शेवटी तर स्पष्टच सांगितलंय की तिच्या हातांच्या कष्टाचं फळ तिला द्या. आता मला सांगा, सद्‌गुणी बाई पाहिजे म्हणणाऱ्या आमच्या किती घरांत सातबारा बाईच्या नावावर आहे? पहाटे उठायचा भाग तेवढा उचलायचा आणि शेताचा भाग ठेवून द्यायचा, हे शास्त्र वाचणं नव्हे, निवडून खाणं आहे.

दुसरी गोष्ट मार्था आणि मरीयेची. लूकच्या शुभवर्तमानात आहे. येशू त्यांच्या घरी येतो. मार्था स्वयंपाकपाण्यात गुंतलेली, मरीया त्याच्या पायाशी बसून ऐकते. मार्था तक्रार करते आणि येशू म्हणतो, मरीयेनं चांगला वाटा निवडलाय, तो तिच्याकडून काढून घेतला जाणार नाही. यावर मी आजवर निदान पन्नास प्रवचनं ऐकली असतील. सगळ्यांचा रोख एकच : बायांनो, फार धावपळ करू नका, मार्था होऊ नका. आणि प्रवचन संपलं की तेच पाळकसाहेब विचारतात, आज जेवायला काय आहे?

त्या काळात गुरूच्या पायाशी बसणं म्हणजे शिष्य होणं. ते पुरुषांचं काम. मरीया तिथं बसली आणि येशूनं तिला उठवलं नाही, गोष्टीतली मोठी बाब ही आहे. बाईला शिकायचा हक्क आहे, आणि घरात काम पडलंय म्हणून तो हिरावून घ्यायचा नाही. मी शाळेत असताना दर सुगीला चौथी-पाचवीतल्या मुली वर्गातून उठून घरी जायच्या. भाऊ धाकटा असला की त्याला सांभाळायला. तेव्हा ही गोष्ट मला वेगळी कळायला हवी होती. पण मी प्रवचनातली मार्था डोक्यात घेऊन फिरत होते.

आणि मार्थेवर तरी इतका राग कशाला? योहानाच्या शुभवर्तमानात येशू हाच ख्रिस्त आहे अशी कबुली हीच बाई देते. पेत्रानं दिली तशीच. पेत्राच्या नावानं केवढी मंदिरं उभी राहिली. मार्थेच्या नावानं बायांना टोमणे.

शब्बाथाचं तर काय सांगावं. सहा दिवस काम, सातव्या दिवशी विसावा. ही आज्ञा कुणाला आहे त्याची यादी निर्गमात दिलेली आहे. तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, तुझी गुरंढोरं आणि तुझ्या वेशीच्या आतला परका. बायको नाही. गुरांना सुट्टी आहे, बायकोला नाही! विद्वान सांगतात की 'तू' म्हटल्यावर त्यात नवरा-बायको दोघंही आली. मी हे मान्य करायला तयार आहे, पण मग रविवारी दुपारी बारा वाजता कुठल्याही ख्रिस्ती घरात जाऊन बघा. 'तू' खाटेवर पडलेला असतो आणि 'तू' चुलीपाशी.

अनुवादात मात्र याच आज्ञेचं कारण दिलंय ते मला फार मोलाचं वाटतं. तुम्ही मिसर देशात गुलाम होता हे आठवा, म्हणून विसावा घ्या आणि इतरांना घेऊ द्या. म्हणजे विसावा हा लाड नाही. ज्याला सुट्टी घेता येत नाही तो गुलाम, इतकी सोपी व्याख्या आहे ती.

आपल्याकडे ही गोष्ट कामगारांनी लढून मिळवली. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन दिलं. पहिली मागणी रविवारच्या सुट्टीची. आमच्याकडे रविवार खंडोबाचा, तिकडे साहेबाच्या प्रार्थनेचा. गिरणीत मात्र कुणाचाच नव्हता. एप्रिल १८९० मधल्या सभेला दहा हजार कामगार जमले आणि दोन कामगार बायांनी तिथं भाषणं केली. १० जून १८९० ला गिरणीमालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. त्या दोन बाया सभा संपल्यावर घरी जाऊन भाकरी थापायला बसल्या असणार, याबद्दल मला शंका नाही. गिरणीचा भोंगा बंद झाला, चुलीचा झाला नाही. २०१९ च्या सरकारी पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईचे दिवसाचे २९९ मिनिटं त्यात जातात असं निघालं. जे पुरुष घरकाम करतात त्यांचे ९७. आणि घरकाम करणारे पुरुष मुळातच थोडे.

आमच्या भागातून ऊसतोडीला जोडपी जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. एक दिवस काम चुकलं की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात, पाचशे रुपयेसुद्धा. बाईला पाळी आली, ताप आला, अंगावरून जायला लागलं, खाडा तो खाडाच. २०१९ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. विसावा घेतला तर दंड भरावा लागतो म्हणून शरीराचा एक भाग काढून टाकणं, याला कुठला अग्रक्रम म्हणायचा? अशा बाईसमोर उभं राहून मी समतोल राखा म्हणून कसं सांगू? आणि फटाक्याच्या कामात तर दमलेला हात आणि दारू यांची गाठ पडली की काय होतं, ते या परिसरानं पाहिलंय. मिठाची चिमूट चुकली तर भाजी खारट होते. इथं चूक झाली तर माणूस जातं.

मग ख्रिस्ती बाईला सांगण्यासारखं माझ्याजवळ काही उरलं का? उरलं. मेळाव्यात मी एलीयाची गोष्ट सांगितली. मोठा संदेष्टा, पण पळून पळून थकला. रानात एका झुडपाखाली बसला आणि देवाला म्हणाला, पुरे झालं, मला मरू दे. आता आपल्याकडे कुणी असं म्हटलं तर पहिल्यांदा उपदेश होतो. विश्वास कमी पडतोय, प्रार्थना वाढव. देवदूतानं यातलं काही केलं नाही. एलीया झोपला, त्याला झोपू दिलं. मग उठवून भाकर आणि पाणी दिलं. तो खाऊन पुन्हा झोपला, पुन्हा झोपू दिलं. पुन्हा जेवायला दिलं. पुढचं काम काय करायचं हे त्यानंतर. येशूनंही शिष्यांना जेवायला फुरसत नाही हे पाहून जरा एकांतात येऊन विसावा घ्या म्हटलेलं आहे. सगळ्यात आधी माणसाचं शरीर, हा क्रम शास्त्रातच आहे. पुस्तिकेत नाही.

ध्येयाबद्दल बोलताना मी पंडिता रमाबाईंचं नाव घेतलं. १८८२ मध्ये ही विधवा बाई तान्ही मुलगी घेऊन पुण्यात आली आणि तिनं आर्य महिला समाज काढला. पुस्तिकेच्या यादीत तिला बसवायचं म्हटलं तर नापासच व्हायची. १८८३ मध्ये इंग्लंडला वांटिजला तिनं बाप्तिस्मा घेतला, पण तिथल्या सिस्टरांनी सांगितलं ते सगळं मुकाट मानलं नाही. धर्म स्वीकारला तरी विचार करायचं काम दुसऱ्याकडे सोपवायचं नाही, यावर ती अडून राहिली. केडगावच्या मुक्ति मिशनमध्ये दुष्काळातल्या मुली आणून त्यांना हातात हुन्नर दिलं. स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायांना कळेल अशा मराठीत बायबल आणलं आणि छापण्याचं काम तिथल्या बायांनीच केलं. ५ एप्रिल १९२२ ला गेली, तोवर त्याच कामात होती. तिला समतोल कसा राखतेस असं कुणी विचारलं असतं तर तिनं काय उत्तर दिलं असतं, कोण जाणे. पण तिचं ध्येय तिला कुणी पुस्तिकेत छापून दिलेलं नव्हतं, एवढं नक्की.

भाषण झाल्यावर थोडी शांतता होती. मग मागून एक म्हातारी उठली आणि म्हणाली, "हे सगळं खरं, पण आज प्रीतिभोजनाला भांडी कोण घासणार?" सगळ्या हसल्या. पाळकसाहेबही हसले, पण म्हातारी बसली नाही. शेवटी ठरलं की महिन्याच्या एका रविवारचं जेवण पुरुष करतील. पहिल्या खेपेला खिचडी करपली आणि भांडी आम्हालाच घासावी लागली. दुसऱ्या खेपेला खिचडी बरी झाली. भांड्यांचं अजून चाललंय.

शेजारणीला रविवारी कामाची सुट्टी असते. म्हणजे धुणं, सारवण, दळण, सासूचं तेल लावणं आणि आठवड्याचा बाजार. गेल्या दोन-तीन महिन्यांपासून ती रविवारी जेवणं उरकून माझ्याकडे येते आणि आतल्या खोलीत सतरंजीवर पडते. पडल्या पडल्या झोप लागते तिला. मी बाहेर पडवीत तांदूळ निवडत बसते. तिची सासू येऊन विचारते, "आमची सून आलती का हिकडं?" मी सांगते, "बाजाराला गेली वाटतं." शब्बाथाच्या दिवशी खोटं बोलते, त्याचा काय तो हिशेब मी वर देईन. मागच्या रविवारी सासू गेली नाही. माझ्याजवळच पायरीवर टेकली. थोड्या वेळानं भिंतीला डोकं लावून तीही घोरायला लागली. मी सुपातले खडे जरा हळू टाकायला लागले.