बर्फाने विषाणू मरत नाही



गेल्या आठवड्यात जेटीवर एक व्यापारी येऊन गेला. कुत्र्या-मांजरांचं खाद्य बनवणाऱ्या कारखान्यासाठी आपली बारीक मासळी घ्यायला तो तयार आहे. दरही बरा देतोय. पण त्याच टेम्पोत, त्याच क्रेटांतून तो चिकनच्या दुकानांतली आतडी-मुंडकीही नेणार. वर म्हणतो, "सगळा माल बर्फात असतो, काळजी कसली?" काही सभासदांना हे पटलं. आम्हाला पटलेलं नाही.

बर्फ माल राखतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण मालात बर्ड फ्लूचा विषाणू असेल तर बर्फ त्यालाही राखतो. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत ओरेगॉन राज्यात घराबाहेर कधी न जाणारं एक मांजर बर्ड फ्लूने मेलं. त्याला घातलेल्या टर्कीच्या कच्च्या, गोठवलेल्या खाद्यात तोच विषाणू सापडला. कंपनीला माल परत मागवावा लागला. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने कोंबडीवर्गीय पक्षी आणि गाईगुरांचा कच्चा माल वापरणाऱ्या अशा कारखान्यांना बजावलं, की हा धोका धरून सुरक्षेची योजना पुन्हा तपासा. लांबची गोष्ट वाटते? त्याच सुमारास नागपूरच्या गोरेवाड्यात ३ वाघ आणि १ बिबट्या याच रोगाने गेले.

कुणी म्हणेल, कारखान्यात माल शिजवतातच ना? नीट शिजवला तर विषाणू मरतो, हे खरं. पण शिजलेला माल कच्च्याच्या फावड्याने भरला तर शिजवणं फुकट. आणि कारखान्याआधी ते क्रेट उचलणार कोण? आपलीच पोरं. रिकामे क्रेट परत येणार आपल्याच बोटीवर, खायच्या मासळीसाठी.

म्हणून आमचं मत असं: मासळी जरूर द्यावी, पण वेगळ्या टेम्पोत आणि आपल्याच क्रेटांतून. भाडं वाढेल, किलोमागे थोडं कमी सुटेल, हे मान्य आहे. पण उद्या रोगाची नुसती बोंब उठली तरी गिऱ्हाईक आपल्या मासळीकडे पाठ फिरवील, ते नुकसान कोण भरून देणार?

घरीसुद्धा मांजराला कोंबडीची कच्ची आतडी घालू नका, शिजवून घाला. मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नका, गुरांच्या दवाखान्यात कळवा.

रविवारच्या बैठकीत हा विषय घेतोय. ज्यांना आमचं म्हणणं पटत नाही, त्यांनी तर नक्की यावं.

— सचिव