बंद दाराआडचे खाणे

या वेळी ज्या सवयीविषयी लिहावयाचे आहे तिला मराठीत नेमका असा एकच शब्द नाही. 'खा-खा सुटणे' हा वाक्प्रचार त्यातल्या त्यात जवळचा. जुनी माणसे 'भस्म्या झाला' असेही म्हणत. परंतु हे दोन्ही शब्दप्रयोग भुकेचे आहेत, आणि येथे तर पोट भरल्यावरही हात थांबत नाही. तासा-दोन तासांच्या अवधीत, एरवी कोणी खाणार नाही इतके खाल्ले जाणे, खाताना 'आता आपल्याच्याने थांबवत नाही' अशी जाणीव होणे, आणि खाऊन झाल्यावर लाज व स्वतःविषयी तिटकारा वाटणे, ही या सवयीची लक्षणे होत. बहुधा हे सारे एकांतात घडते. म्हणूनच घरच्या माणसांना ते फार उशिरा कळते.

समजा, तुमची मुलगी चंडीगडला शिकावयास आहे. घरापासून दीड-दोन हजार किलोमीटर दूर, वसतिगृहात. पहिल्या सुटीत घरी आली तेव्हा कोणी आत्याबाई सहज म्हणाल्या, 'तिकडचे पराठे मानवलेले दिसतात हो!' सगळे हसले, तीही हसली. परत गेल्यावर तिने सकाळची न्याहारी बंद केली. दुपारी काकडी आणि ताक. संध्याकाळी नुसता चहा. रात्री दहाच्या सुमारास मेस बंद झालेली, हिवाळ्यातले बोचरे धुके खिडकीशी आलेले, उद्याच्या परीक्षेची धास्ती, आणि हातात मोबाईल. अर्ध्या तासात बर्गर, मोमो, बटाट्याच्या काचऱ्यांचे मोठे पाकीट आणि गोड पेयाची बाटली दाराशी हजर होते. ती दार लावून घेते. रिकामी वेष्टने वर्तमानपत्रात गुंडाळून दुसऱ्या दिवशी दूरच्या कचराकुंडीत टाकते. आणि मनाशी ठरविते की उद्या काहीही खावयाचे नाही. हा शेवटचा निश्चय तिला प्रायश्चित्त वाटतो. वास्तविक पुढच्या प्रसंगाची तयारी तोच करून ठेवतो.

मुलगी म्हणून उदाहरण घेतले, कारण वजनाचे टोमणे मुलींच्या वाट्यास अधिक येतात. मुलांमध्ये हा प्रकार नाही असे मात्र समजू नये. मुलगा दोन माणसांचे जेवला तर आपल्याकडे त्याचे कौतुक होते, एवढाच फरक.

चंडीगडचेच नाव का घेतले, असे कोणी विचारील. ल कॉर्ब्युझिएने १९५१ पासून ज्या शहराचा आराखडा घडविला, त्याचा सर्वसाधारण सेक्टर आठशे मीटर रुंद व बाराशे मीटर लांब असा योजलेला आहे. शाळा, दुकाने, हिरवळ, दवाखाना हे सारे पायी जाण्याच्या टप्प्यात यावे ही त्यातील दृष्टी. बाजाराचा रस्ता सेक्टरच्या मधून जातो. सेक्टरांतून हिरवळीचे पट्टे काढले, १९५८ साली सुखना तलाव बांधला, आणि तेथे लोकांनी चालावे-फिरावे अशी सोय केली. देशातील फार थोड्या शहरांना पाय मोकळे करण्याची इतकी चांगली जागा लाभली असेल. भाजी आणावयास गेलेल्या माणसाला चालणे घडावे आणि चार ओळखीचे चेहरे दिसावेत, अशी ही रचना. आता खाणे माणसाकडे चालत येते. त्यामुळे ते दहा पावले उचलणे गेले, आणि दुकानदारासमोर 'आणखी एक द्या' म्हणताना जो क्षणभराचा संकोच होई, तोही गेला. हा संकोच पुष्कळदा उपयोगी पडत असे.

याच शहराविषयीचे आकडे विचार करावयास लावणारे आहेत. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या मधुमेहविषयक पाहणीचे पहिले निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. त्यांत चार प्रदेश होते, आणि प्रौढांतील मधुमेहाचे प्रमाण चंडीगडमध्ये शेकडा १३.६, तामिळनाडूत १०.४, महाराष्ट्रात ८.४ आणि झारखंडात ५.३ असे आढळले. पुढे २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत चंडीगडमधील १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे ४४ जणींचे वजन प्रमाणाबाहेर असल्याचे दिसले. देशभराची सरासरी २४ होती. सुखवस्तू शहरात हे होणारच, असे म्हणून आपण पुढे जातो. तथापि येथे एक सावधगिरी बाळगावी. वाढलेले वजन आणि बंद दाराआडचे खाणे या दोन गोष्टी एक नव्हेत. पुष्कळ स्थूल माणसे असे कधीच खात नाहीत, आणि अंगाने अगदी बेताची दिसणारी मुले-मुली महिनोन्महिने असे खात असतात. तेव्हा वजनकाट्यावरून निदान करू नये.

आता कारणाकडे वळू. जिभेचे चोचले, संयमाचा अभाव, लाडावलेली पिढी ही आपली नेहमीची उत्तरे आहेत. शास्त्राचा अनुभव मात्र निराळा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. युद्धात उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसे खाऊ घालावे हे त्यातून शिकावयाचे होते. तरुण स्वेच्छेने आलेले, मनाने निग्रही. त्यांना चोवीस आठवडे निम्म्या पोटी ठेवण्यात आले. हळूहळू त्यांच्या मनात अन्नावाचून दुसरा विषय उरेना. कोणी पाककृतींची पुस्तके जमवू लागले, कोणी ताटल्या चाटू लागले. आणि पुढे हवे तितके खाण्याची मोकळीक मिळाली तेव्हा त्यांतील काही जण पोट तट्ट फुगेपर्यंत खात, आणि तरीही आपली भूक भागली नाही असे सांगत. ही माणसे काही चोचल्यांची नव्हती. उपाशी ठेवलेले शरीर संधी मिळताच आपली थकबाकी वसूल करते, आणि त्या वेळी निश्चयाचे फारसे चालत नाही.

यास्तव दिवसभर उपाशी राहणारी आपली मुलगी रात्री पराभूत होते, यात नवल ते काय?

धार्मिक उपवासाविषयी येथे काही म्हणावयाचे नाही. आपल्या साबुदाण्याच्या खिचडीने आजवर कोणाची उपासमार झाल्याचे ऐकिवात नाही! परंतु कालच्या खाण्याची शिक्षा म्हणून कोणी सोमवारही धरू लागला, गुरुवारही धरू लागला, तर घरच्यांनी ती श्रद्धा समजून स्वस्थ बसू नये.

दुसरे कारण त्या पदार्थांतच आहे. २०१९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी वीस माणसांना आपल्या देखरेखीखाली ठेवून दोन आठवडे कारखान्यात तयार झालेले खाद्यपदार्थ व दोन आठवडे साधे, घरगुती पद्धतीचे अन्न दिले. दोन्ही वेळी समोर ठेवलेल्या जेवणात साखर, स्निग्धांश, मीठ आणि एकूण उष्मांक सारखेच राखले होते. किती खावयाचे ते ज्याचे त्याने ठरवावयाचे. कारखानी अन्नाच्या दिवसांत माणसे रोज सुमारे ५०० उष्मांक अधिक खात होती, आणि भराभर खात होती. ते मऊ असते, चावावे लागत नाही, आणि पोट भरल्याचा निरोप पोहोचण्यापूर्वीच पाकीट संपते. भाकरी आणि पिठल्यावर कोणी असे तुटून पडल्याचे क्वचितच ऐकू येते.

वैद्यकशास्त्रात या खाण्याचे वर्णन १९५९ साली अ‍ॅल्बर्ट स्टंकर्ड या अमेरिकन डॉक्टरांनी केले. स्वतंत्र विकार म्हणून त्यास तेथील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या निदानग्रंथात २०१३ साली स्थान मिळाले. आठवड्यातून निदान एकदा, असे तीन महिने होत राहिले, तर तो विकार समजावा असे तेथे म्हटले आहे. दिवाळीत चकल्यांचा डबा एका बैठकीत संपविणारे आपण सर्वजण त्यातून सुटलो!

मग करावयाचे काय? या विकारावर ज्या उपचाराचा सर्वांत चांगला अनुभव आहे, त्याची पहिली पायरी ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते. ती आहे अधिक वेळा खाण्याची. सकाळची न्याहारी, दुपारचे जेवण, रात्रीचे जेवण, आणि मध्ये दोन वेळा काहीतरी थोडे. दोन खाण्यांत तीन-चार तासांहून अधिक अंतर पडू द्यावयाचे नाही. भूक असो वा नसो, घड्याळ सांगेल तेव्हा खावयाचे. वजन वाढेल या भीतीने पहिले काही दिवस हे फार जड जाते. परंतु दुपारी पोळी-भाजी, वरण, दही असे व्यवस्थित जेवलेले शरीर रात्री दहाला तितके हट्टास पेटत नाही. वसतिगृहात राहणाऱ्याने खोलीत भाजलेले चणे, शेंगदाणे, फळे ठेवावीत. सकाळी मेसमध्ये जाणे झाले नाही तर एक ग्लास दूध आणि दोन केळी ही देखील न्याहारीच.

दुसरी पायरी वहीची. वहीत उष्मांक मोजावयाचे नाहीत. केव्हा खाल्ले, कोठे खाल्ले, एकटे होतो की कोणाबरोबर, आणि त्याआधी मनात काय चालले होते, इतकेच खाल्ल्याबरोबर लिहावयाचे. दोन-तीन आठवड्यांची पाने उलटली की एक चित्र उमटू लागते. कोणाच्या बाबतीत घरून फोन येऊन गेला की, कोणाच्या बाबतीत रविवारच्या रिकाम्या दुपारी, तर कोणाच्या बाबतीत जेवण चुकले त्याच दिवशी. कारण डोळ्यांसमोर आले म्हणजे त्या वेळेपुरती काही योजना करता येते.

इच्छा अनावर होते तेव्हा ती कायमच राहील असे वाटते. प्रत्यक्षात ती लाटेसारखी चढते आणि बहुधा अर्ध्या तासाच्या आत ओसरू लागते. तेवढा वेळ हात आणि पाय दुसरीकडे गुंतवावेत. अंघोळ करावी, कपडे धुवावेत, मैत्रिणीच्या खोलीत जाऊन बसावे, वसतिगृहाच्या आवारात फेऱ्या माराव्यात. खाणे घरपोच आणून देणारी सोय मोबाईलवरून काढून टाकावी, निदान पैसे आपोआप चुकते होण्याची व्यवस्था तरी बंद करावी. आणि जे खावयाचे ते ताटलीत वाढून घेऊन, बसून खावे. पाकिटातून, पडद्याकडे बघत, पलंगावर लोळत खाऊ नये. समोसा किंवा छोले-भटुरे जन्मभर वर्ज्य करण्याची शपथ मुळीच घेऊ नये. महिन्यातून दोनदा मित्रमंडळींबरोबर सेक्टर १७ च्या चौकात जाऊन ते उघडपणे, चवीने खाल्ले, तर त्यांचा चोरटेपणा जातो.

शासनही काही करीत आहे. २०२० च्या नियमांनुसार मीठ, साखर व चरबी यांचे प्रमाण अधिक असलेले पदार्थ शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटरच्या आत विकण्यास मनाई आहे. २०२५ साली केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने कोणत्या पदार्थात किती साखर असते हे दाखविणारे फलक आपल्या शाळांतून लावण्यास सांगितले. चांगलेच झाले. परंतु पन्नास मीटरांचा नियम वसतिगृहाच्या खोलीस लागू पडत नाही.

आता आई-वडिलांविषयी, कारण हे मासिक अधिकतर त्यांच्याच हाती पडते. मुलीच्या कपाटात वेष्टने सापडली तर ती तिच्यासमोर पुराव्यासारखी मांडू नका. 'बकासुर', 'खादाड' हे शब्द थट्टेतही नकोत. खाणे चोरून होते ते लाजेमुळे, आणि प्रत्येक टोमणा त्या लाजेत भर घालतो. 'वजन किती झाले?' या प्रश्नाऐवजी 'आज सकाळी काय खाल्लेस?' असे विचारावे, तेही चौकशीच्या सुरात नव्हे. आपण स्वतः जेवताना 'आज फार झाले, उद्या लंघन' असे म्हणतो ते मुले लहानपणापासून ऐकत असतात, याचेही भान ठेवावे. मुलीने एखादे दिवशी आपण होऊन सांगितले तर उपाय सुचविण्याची घाई न करता आधी सगळे ऐकून घ्या. तिने सांगण्यासाठी किती महिने धीर गोळा केला असेल!

काही खुणा दिसल्या तर मात्र घरगुती उपायांवर विसंबू नये. खाल्ल्यानंतर लगेच न्हाणीघरात जाऊन ओकारी काढणे, जुलाबाची औषधे घेणे, दोन-दोन दिवस काही न खाणे, सतत उदास राहणे किंवा जगण्याचा कंटाळा बोलून दाखविणे, यांपैकी काहीही असेल तर विलंब न लावता डॉक्टरांकडे जावे. वारंवार ओकल्याने रक्तातील पोटॅशियम उतरते आणि हृदयाच्या ठोक्यांना धोका पोहोचतो. दातांचे कवच झिजते ते वेगळेच. चंडीगडमध्ये सेक्टर १२ मधील पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेत आणि सेक्टर ३२ च्या शासकीय रुग्णालयात मानसोपचार विभाग आहेत. महाराष्ट्रातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतूनही ही सोय मिळते. कोठे जावे हेच सुचत नसेल तर २०२२ साली सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक फिरवावा; तेथे पैसे पडत नाहीत. वजन झटपट उतरविणाऱ्या चूर्णांच्या व गोळ्यांच्या जाहिरातींपासून मात्र दूर राहावे. त्यांतील उपासाच्या पथ्याने हे चक्र नव्याने सुरू होते.

सुधारणा सरळ रेषेत होत नाही, हे मुलीला आणि आपल्यालाही आधीच ठाऊक असलेले बरे. तीन आठवडे नीट जातील, आणि मग परीक्षेच्या आदल्या रात्री पुन्हा तेच घडेल. त्या रात्री वहीत एवढेच लिहावे की असे असे झाले, दुपारचे जेवण चुकले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी भूक नसेल, मन खट्टू असेल, न्याहारी टाळावी असे फार वाटेल. त्या दिवशी इतर काही जमले नाही तरी चालेल, पण ती न्याहारी ठरल्या वेळी व्हावी.